आपण काय वाचायचे, हे कोण ठरवते?



आज सकाळपासून मोबाईलवर आपण जे जे वाचले, त्यातले स्वतः ठरवून किती वाचले आणि समोर आले म्हणून किती वाचले? सिल्लोडच्या आमच्या अभ्यासगटात एका रविवारी हा प्रश्न निघाला, तेव्हा सगळे एकमेकांकडे पाहू लागले. ठरवून वाचलेले कोणाकडेच फारसे निघाले नाही. कोणी व्हॉट्सॲपवर आलेले वाचले होते, कोणी फेसबुकने दाखवलेले, तर कोणी यूट्यूबने एकामागून एक लावलेले व्हिडिओ पाहिले होते. स्वतःला वाचणारी, विचार करणारी माणसे म्हणवणाऱ्या आमची ही अवस्था होती.

हा प्रश्न आम्हाला सहज सुचलेला नाही. एका मुलीचे वर्ष वाया गेल्यावर तो सुचला, आणि ते वर्ष आमच्यामुळे वाया गेले. म्हणून आधी ती गोष्ट सांगतो.

आम्ही आठ-दहा जण आहोत. कोणी शिक्षक, कोणी आशा कार्यकर्ती, कोणी स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे, तर एकाचे मोबाईल दुरुस्तीचे दुकान. दर रविवारी संध्याकाळी विहारात वंदना झाल्यावर तासभर बसतो. आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात तालुक्यातल्या गावागावांतली दोनशेहून जास्त मुले-मुली आहेत. तीन वर्षांपूर्वी या ग्रुपवर एक मेसेज पडला: विद्यार्थ्यांसाठीच्या एका योजनेच्या अर्जाची मुदत वाढली आहे, खाली नवी तारीख. सोबत सरकारी सूचनेचा फोटो, सही-शिक्क्यासह. आम्ही तो लगेच आणखी चार ग्रुपवर पाठवला. वर 'महत्त्वाचे, सर्वांपर्यंत पोहोचवा' असेही लिहिले.

ती सूचना आदल्या वर्षीची होती. दिवस आणि महिना बरोबर, साल मागचे. फोटोच्या कोपऱ्यातले साल आमच्यापैकी एकानेही पाहिले नाही.

अजिंठ्याच्या बाजूच्या एका गावातली मुलगी त्या मेसेजवर विसंबून राहिली. आई कापूस वेचणीला आणि मका काढायला जाणारी, वडील नाहीत. उत्पन्नाचा दाखला मिळायला उशीर होत होता, पण मुदत वाढली आहे म्हणून ती निर्धास्त होती. दाखला हातात आल्यावर ती अर्ज भरायला गेली, तेव्हा मुदत संपून दोन दिवस झाले होते. त्या रविवारी ती आईला घेऊन विहारात आली. भांडली नाही. एवढेच म्हणाली, "दादा, मेसेज तुमच्याच ग्रुपवर होता."

कोणत्याही कार्यालयाला दोष द्यायला आम्हाला तोंड उरले नव्हते. खरी सूचना त्या कार्यालयाच्या संकेतस्थळावर पहिल्या दिवसापासून होती. आम्ही तिथे गेलोच नव्हतो.

कालामांना विचारलेला प्रश्न

ज्या विहारात आम्ही बसतो, तिथेच महिनाभर आधी कालाम सुत्तावर प्रवचन झाले होते. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, सांगणारा आदरणीय आहे म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका, स्वतः तपासा, असे बुद्धांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले. आम्ही साधू-साधू म्हणून उठलो आणि महिन्याच्या आत ऐकीव गोष्ट दोनशे घरांत पाठवली. लोकांनी ती का मानली? ग्रुप आंबेडकरी होता म्हणून, पाठवणारे आम्ही होतो म्हणून. म्हणजे जे टाळायला बुद्धांनी सांगितले, नेमके तेच झाले.

फॉरवर्डचा मोठा दोष हा आहे की त्यात मूळ ठिकाण हरवते. कोणी लिहिले, कधी लिहिले, पुढे दुरुस्ती झाली का, काहीच कळत नाही. फेसबुकचे दुखणे वेगळे. तिथे लेखक दिसतो, पण कोणाचा लेख कोणाला दाखवायचा हे कंपनी ठरवते. जानेवारी 2018 मध्ये फेसबुकने जाहीर केले की, मित्र आणि नातेवाइकांच्या पोस्ट वर दिसतील, पानांच्या पोस्ट कमी दिसतील. चळवळीतल्या कितीतरी जणांनी आपले सगळे लिखाण अशाच पानांवर टाकले होते. पान 'लाइक' करणाऱ्याला वाटते की आता यांचे सगळे आपल्यापर्यंत येईल. तसे होत नाही. जास्त लोकांपर्यंत पोहोचायचे तर पैसे भरून पोस्ट 'बूस्ट' करा, असे सांगितले जाते.

समाजशास्त्रात याला द्वारपालाची भूमिका म्हणतात. बातमी आणि वाचक यांच्यामध्ये जो उभा असतो, तो काय आत सोडायचे ते ठरवतो. आपल्या समाजाला या द्वारपालाची ओळख नवी नाही. बाबासाहेबांचे पाक्षिक 'मूकनायक' 31 जानेवारी 1920 रोजी निघाले, तेव्हा त्याची जाहिरात 'केसरी'ने पैसे देऊनही छापली नाही. तेव्हाचा द्वारपाल पैसे नाकारत होता, आजचा पैसे मागतो. पण दार दोघांच्याही हातात.

बाबासाहेबांनी त्यावर काय केले? दुसऱ्याच्या दारात उभे राहून जागा मागण्यापेक्षा स्वतःचा कागद काढला. 'मूकनायक'ला राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. पुढे 3 एप्रिल 1927 ला 'बहिष्कृत भारत', 1928 मध्ये 'समता', 1930 मध्ये 'जनता', आणि 4 फेब्रुवारी 1956 पासून 'प्रबुद्ध भारत'. यातली दोन बाजू लक्षात घ्या. लिहिणाऱ्याचे स्वतःचे पत्र ही एक बाजू आपण प्रत्येक जयंतीला सांगतो. दुसरी बाजू वाचणाऱ्याची, म्हणजे वर्गणीदाराची. वर्गणीदार ठरवून वर्गणी भरतो, त्याच्या नावाने अंक येतो, मधल्या कोणाला तो अंक अडवता येत नाही. 'बहिष्कृत भारत' 1929 मध्ये बंद पडले, ते लिहायला काही उरले नव्हते म्हणून नाही. वर्गणीदार आणि पैसा पुरेसा नव्हता म्हणून. वाचकाने आपली बाजू सांभाळली नाही, तर बाबासाहेबांसारख्या संपादकाचेही पत्र बंद पडते.

विहारात आरएसएस!

आता मुद्द्यावर येतो. इंटरनेटवर वर्गणीदार होण्याची सोय पंचवीस वर्षांपासून आहे आणि ती फुकट आहे. तिला वेब फीड म्हणतात. तिच्या सर्वांत जुन्या आणि प्रचलित प्रकाराचे नाव आहे आरएसएस.

हे नाव आमच्यातल्या मोबाईलवाल्या मित्राने बैठकीत पहिल्यांदा उच्चारले, तेव्हा एक जुने पँथर काका ताडकन उठले. "विहारात बसून आरएसएस लावायच्या गोष्टी करता?" हसू आवरायला पाच मिनिटे लागली. काकांना सांगावे लागले की हे 'रिअली सिंपल सिंडिकेशन'चे लघुरूप आहे, नागपूरशी त्याचा संबंध नाही. तरी काकांच्या मानाखातर आम्ही त्याला 'वर्गणी' म्हणू लागलो, आणि विचार केला तर तोच शब्द जास्त बरोबर आहे.

ही वर्गणी चालते कशी? बहुतेक संकेतस्थळे आणि ब्लॉग आपल्या लेखांबरोबर एक छोटी फाईल ठेवतात. तिच्यात नव्या लेखांची शीर्षके, तारखा, दुवे आणि थोडा किंवा पूर्ण मजकूर असतो. नवा लेख आला की फाईल आपोआप बदलते. आपण मोबाईलवर एक वाचक ॲप घ्यायचे आणि त्यात आपल्या आवडीच्या ठिकाणांचे पत्ते एकदाच भरायचे. ॲप ठरावीक वेळाने प्रत्येक फाईल पाहून येते आणि नवे काही असेल ते तारखेच्या क्रमाने समोर ठेवते. फेसबुकही आपल्या पडद्याला फीडच म्हणते, पण तिथे क्रम कंपनी लावते. इथे क्रम तारीख लावते आणि यादी आपण करतो. फीडला आपली जात, वय, मित्र, कशावर किती वेळ थांबलो, यातले काही ठाऊक नसते.

या तंत्राची पहिली आवृत्ती 1999 मध्ये नेटस्केप कंपनीत तयार झाली. पुढच्या एका आवृत्तीच्या कामात ॲरन स्वार्ट्झ नावाचा अमेरिकन मुलगा होता, तेव्हा त्याचे वय 14. पुढे याच ॲरनने जेस्टोर या संग्रहातले लाखो अभ्यासलेख उतरवून घेतले म्हणून त्याच्यावर खटला भरला गेला, आणि जानेवारी 2013 मध्ये, वयाच्या 26 व्या वर्षी, त्याने आत्महत्या केली. ज्यांच्या पूर्वजांना अक्षर शिकायलाच बंदी होती, त्यांना ज्ञानावर कुलूप लावणे म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. त्याच वर्षी 1 जुलैला गुगलने 'गुगल रीडर' हे सर्वांत लोकप्रिय वाचक ॲप बंद केले. लोकांना वाटले फीड संपली. संपली नाही. फीड कोणा एका कंपनीची नाही, म्हणून एका ॲपने ती मरत नाही. आज आपण जे पॉडकास्ट ऐकतो, तेही मुळात याच तंत्रावर पोहोचतात.

आम्ही प्रत्यक्ष काय केले

त्या मुलीच्या प्रसंगानंतर आम्ही ठरवले की गटाची एक वाचनयादी करायची. कृती सोपी आहे, म्हणून सांगतो.

पहिले, वाचक ॲप. फीडली, इनोरीडर ही नावे प्रसिद्ध आहेत, त्यांच्यात खाते उघडावे लागते. अँड्रॉइडवर 'फीडर' नावाचे मुक्त स्रोत ॲप आहे. त्याला खाते लागत नाही, यादी फोनमध्येच राहते. आमच्या मित्राने दुकानात बसून सगळ्यांना हेच लावून दिले. लेखाचा मजकूर फोनमध्ये साठवता येत असल्याने डोंगराकडच्या गावात रेंज नसली तरी वाचता येतो.

दुसरे, पत्ते. वर्डप्रेसवर चालणाऱ्या बहुतेक स्थळांच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन 'फीड' हा शब्द इंग्रजीत लिहिला की काम होते. बऱ्याच वेळा तेही लागत नाही, स्थळाचा पत्ता दिला की ॲप फीड स्वतः शोधते. आमच्या यादीत राउंड टेबल इंडिया आहे, बीबीसी मराठी आहे, पीआयबीची सरकारी प्रसिद्धिपत्रके आहेत. यूट्यूबच्या प्रत्येक वाहिनीलाही फीड असते, हे अनेकांना माहीत नाही. दलित कॅमेराचे व्हिडिओ आम्ही असेच पाहतो. शेजारी दुसरे काही चमकत नाही, एक व्हिडिओ संपला की पडदा शांत.

तिसरे, सरकारी सूचना. इथे अडचण आहे. विद्यार्थ्यांना लागणाऱ्या कितीतरी सरकारी संकेतस्थळांना फीडच नसते. त्यावर अर्धा उपाय म्हणजे गुगल अलर्ट. योजनेचे नाव टाकून अलर्ट करा आणि तो ईमेलऐवजी फीड म्हणून घ्या. उरलेला अर्धा उपाय जुनाच: दोन जणांनी वाटून घेऊन दर सोमवारी आणि गुरुवारी ती संकेतस्थळे स्वतः उघडायची. ज्या योजनांवर हजारो मुलांचे शिक्षण अवलंबून आहे, त्यांच्या सूचनांना फीड द्या, ही मागणीही आपण निवेदनात घातली पाहिजे. रस्ता मागतो, पाणी मागतो, तशी माहितीही मागायला हवी.

चौथे, यादी वाटणे. ॲपमधली सगळी यादी एका छोट्या फाईलमध्ये काढता येते, तिला ओपीएमएल म्हणतात. ती दुसऱ्याच्या ॲपमध्ये टाकली की त्याच्याकडे सगळी वर्गणी एकदम सुरू. आमची फाईल आता भोकरदन आणि सोयगावच्या मित्रांकडेही गेली आहे. ज्याने त्याने आपल्या गरजेप्रमाणे तिच्यात भर घातली, काही उडवले. एक लेख फॉरवर्ड केला तर एक लेख पोहोचतो, यादी दिली तर वाचायची वाट पोहोचते.

आक्षेप आणि आमच्याही चुका

यावर आमच्याच गटात जे आक्षेप आले, ते लपवत नाही.

एक म्हणाला, "आपल्याला हवे तेच वाचायचे तर आपण आपल्याच विहिरीतले बेडूक होणार." आक्षेप रास्त आहे. पण विहीर फीडने होत नाही, यादीने होते. बाबासाहेबांनी धर्मशास्त्रे वाचली ती पटतात म्हणून नव्हे. ज्याला उत्तर द्यायचे, त्याचे म्हणणे मुळातून वाचावे लागते. म्हणून आमच्या यादीत न पटणारी दोन-तीन ठिकाणेही मुद्दाम आहेत. त्यांचे लेख संतापलेल्या मित्राने कापून पाठवलेल्या स्क्रीनशॉटमधून वाचण्यापेक्षा पूर्ण वाचलेले बरे. निदान उत्तर तरी नेमके देता येते.

आशाताई म्हणाल्या, "दिवसभर फिरून आल्यावर स्वयंपाक करायचा, पोरांचं बघायचं, मग हे वाचायचं कधी? व्हॉट्सॲप तरी हातात असतं." यावर आमच्याकडे भारी उत्तर नव्हते. वेळ हेही भांडवल आहे आणि ते बाईकडे, कष्टकऱ्याकडे सर्वांत कमी असते. एवढेच दिसले की पूर्वी त्या जो अर्धा तास फॉरवर्ड पाहण्यात घालवत, त्यात आता तीन लेख होतात. आरोग्याच्या विषयावरचे आम्हाला आता त्याच सांगतात.

तिसरी चूक आमची. यादी करताना हावरेपणा झाला. आमच्यातल्या एकाने दीडशे ठिकाणे भरली. आठवड्यात न वाचलेल्या लेखांचा आकडा नऊशेवर गेला आणि त्याने ॲपच काढून टाकले. दार आपल्या हातात आले म्हणून सगळे गाव आत घ्यायचे नसते. आता नियम असा की, प्रत्येकाची वीस ठिकाणे. नवे घ्यायचे तर एक जुने काढायचे. महिनाभर ज्याचे काहीच उघडले नाही, ते जाते.

आणि शेवटचा आक्षेप काकांचा: "वाचून चळवळ होते का रे?" नुसत्या वाचण्याने होत नाही, काका. पण नामांतराच्या लढ्यात, 1978 पासून 14 जानेवारी 1994 पर्यंत, मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांत निरोप कसे पोहोचले, पत्रके कशी वाटली गेली, हे तुम्हीच आम्हाला सांगितले आहे. तेव्हा पत्रक हातात घेणारा आधी विचारायचा, कोणी काढले? आम्ही त्या सवयीचीच गोष्ट करतो आहोत.

लिहिणाऱ्यांना विनंती

ही वर्गणी चालायची तर पलीकडे काहीतरी निघत असले पाहिजे. आपले कितीतरी चांगले लिहिणारे फक्त फेसबुकवर लिहितात. खाते बंद झाले, तक्रारी करून कोणी बंद पाडले, की वर्षांचे लिखाण एका रात्रीत नाहीसे. बाबासाहेबांनी स्वतःचा छापखाना उभा केला, दादरचा बुद्धभूषण छापखाना आपल्याला ठाऊक आहे. आज स्वतःचा ब्लॉग काढायला छापखान्याएवढा पैसा लागत नाही, फुकटही निघतो. लेख आधी तिथे टाका, मग हवा तर फेसबुकवर दुवा द्या. फीडमध्ये पूर्ण मजकूर जाऊ द्या, म्हणजे रेंज नसलेल्या गावातही तुमचा लेख पूर्ण वाचला जाईल. आणि प्रत्येक लेखावर तारीख लिहा, सालासकट. सालाची किंमत आम्ही मोजली आहे.

त्या मुलीने पुढच्या वर्षी अर्ज भरला, मुदतीच्या बऱ्याच आधी. गेलेले वर्ष मात्र परत आले नाही. तिच्या मैत्रिणी एक वर्ष पुढे आहेत आणि आमच्या पश्चात्तापाने ते अंतर भरत नाही. ती आता औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला शिकते. सुट्टीत आली की रविवारी विहारात येते. एकदा तिनेच विचारले, "दादा, ज्यांच्याकडे मोबाईलच नाही, त्यांचं काय?" तेव्हापासून विहाराच्या बाहेर एक फळा आहे. फीडमधून आणि संकेतस्थळांवरून तपासलेल्या सूचना त्यावर खडूने लिहितो: योजना, शेवटची तारीख, कुठे पाहिले, कोणी पाहिले. खाली लिहिणाऱ्याचे नाव असते. चूक झाली तर कोणाला विचारायचे ते सगळ्यांना कळावे म्हणून.

ग्रुप अजून आहे. फॉरवर्डही येतात. फरक एवढाच पडला की आता कोणी काही टाकले की खाली दोन-तीन जण लगेच विचारतात, "मूळ कुठंय? तारीख काय?" कधी कधी टाकणाऱ्याला राग येतो. येऊ द्या.

तुमच्या गावात, तुमच्या विहारात अशी यादी नसेल तर या रविवारी सुरू करा. वीस ठिकाणे पुरेत. ती कोणती असावीत, हे आम्ही सांगणार नाही. ते तुम्ही ठरवायचे आहे, मुद्दाच तो आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!